मॅन पानात परवानग्या कशा लिहायच्या

“मॅडम, फाइली दिसतायत, पण एकही उघडत नाहीये.”

रात्री दीडचा फोन. तेव्हा मी ज्या कंपनीत होते तिथं बॅकअप घेणारं एक छोटं टूल मी लिहिलं होतं. या लेखापुरतं त्याला ‘साठवण’ म्हणू. टूल माझं आणि त्याचं मॅन पान, म्हणजे टर्मिनलवर वाचायचं माहितीपान, तेही माझंच. त्या पानावर फाइल्स या मथळ्याखाली एक ओळ होती: “/व्हार/लिब/साठवण आणि त्याखालचं सगळं: मोड ०६४०”. मोड म्हणजे कुणाला काय करता येईल ते सांगणारा परवानग्यांचा आकडा. नवीन सर्व्हरवर काम करणाऱ्या मुलानं ती ओळ प्रामाणिकपणे वाचली आणि सीएचमॉड या परवानग्या बदलणाऱ्या आज्ञेनं तसंच केलं. त्यानंतर त्याला एलएस -एल या फाइलींची यादी देणाऱ्या आज्ञेचं आउटपुट वाचून दाखवायला सांगितलं, तर तो म्हणाला, “सगळीकडे प्रश्नचिन्हंच आहेत.” ते असं दिसत होतं:

-????????? ? ? ? ? ? सोमवार.टार

नाव दिसतंय, आकार, तारीख, मालक काहीच नाही. डिरेक्टरीला वाचायची परवानगी असेल आणि एक्स, म्हणजे आत शिरायची परवानगी, नसेल, तर हेच होतं. नावांची यादी मिळते, पण त्या नावांपलीकडे जाता येत नाही. ०६४० हा फाइलसाठी ठीक असलेला मोड मी आळशीपणानं डिरेक्टरीलाही लावला होता. आणि तपासताना मी रूट, म्हणजे सर्वाधिकारी यूजर, होते. रूटला डिरेक्टरीवरचा एक्स आडवा येत नाही, त्यामुळे माझ्याकडे सगळं सुरळीत चाललं होतं.

त्यानंतर मी परवानग्यांबद्दल लिहिताना जी पद्धत वापरते, ती इथं मांडतेय. आज्ञा आणि पाथ आपण बोलतो तसे लिहिलेत. टर्मिनलवर ते नेहमीच्याच रोमन अक्षरांत टाकायचे.

आधी डिस्क बघा, मग लिहा

पान लिहायला बसण्याआधी प्रोग्राम ज्या ज्या पाथला हात लावतो त्यांची यादी करा. कॉन्फिग, डेटाची डिरेक्टरी, लॉग, लॉक फाइल, सॉकेट (प्रोग्राम एकमेकांशी ज्यातून बोलतात ती फाइल), तात्पुरत्या फाइली. सोर्स हाताशी असेल तर ओपन, एमकेडिर, सीएचमॉड, एफसीएचमॉड आणि यूमास्क हे पाच शब्द ग्रेप करा, म्हणजे शोधा. सोर्स नसेल तर लिनक्सवर एसट्रेस (प्रोग्रामनं ऑपरेटिंग सिस्टिमला केलेले कॉल दाखवणारं टूल) लावून प्रोग्राम चालवा. ओपनअ‍ॅट आणि एमकेडिरच्या कॉलमध्ये शेवटी तो मोड दिसतो. हा प्रोग्रामनं *मागितलेला* मोड. *मिळालेला* मोड वेगळा असू शकतो आणि तो स्टॅट ही आज्ञा सांगते. स्टॅटला मोड, मालक आणि ग्रुप छापायला सांगा. लिनक्सवर त्यासाठी -सी हा पर्याय आहे, बीएसडी या युनिक्स-कुळातल्या सिस्टिमवर -एफ.

हे सगळं साध्या यूजरच्या खात्यातून करा. आणि दोनदा करा: एकदा यूमास्क (नव्या फाइलींना कोणत्या परवानग्या द्यायच्या नाहीत ते सांगणारी सेटिंग) ०२२ ठेवून, एकदा ०७७ ठेवून. दोन्ही वेळा मोड तोच आला तर प्रोग्राम मोड स्वतः पक्का करतोय. बदलला तर तो यूजरच्या यूमास्कवर सोडतोय. मॅन पानातली वाक्यं या दोन प्रकारांत वेगळी पडतात, म्हणून ही पायरी वगळू नका.

लिनक्सवर आणखी एक उपयोगी आज्ञा म्हणजे नेमआय -एल. दिलेल्या पाथमधली प्रत्येक डिरेक्टरी ती मुळापासून एकेक ओळीत मालक आणि मोडसकट दाखवते. परवानगीच्या निम्म्या तक्रारी फाइलच्या नसतात, वरच्या कुठल्या तरी डिरेक्टरीच्या असतात, आणि त्या इथं एका नजरेत सापडतात.

‘मोड ०६००’ म्हणजे नक्की काय?

मॅन पानात नुसतं “मोड ०६००” लिहिलं, तर त्याचे तीन अर्थ होतात. प्रोग्राम ही फाइल ०६०० नं तयार करतो. किंवा फाइल ०६०० नसेल तर प्रोग्राम चालायला नकार देतो. किंवा ती ०६०० ठेवावी असं लेखकाचं मत आहे. वाचणाऱ्याला रात्री दीड वाजता यातलं नेमकं कोणतं ते हवं असतं. माझ्या ओळीत तिन्हींपैकी एकही स्पष्ट नव्हतं.

हे नीट कसं लिहितात ते पाहायला एसएसएच या दूरच्या मशीनवर लॉगिन करायच्या प्रोग्रामचं मॅन पान उघडा आणि फाइल्स या मथळ्यापर्यंत खाली या. घरातल्या (यूजरच्या होम डिरेक्टरीतल्या) .एसएसएच डिरेक्टरीबद्दल ते म्हणतं की तिथलं सगळंच गुप्त ठेवायची सर्वसाधारण अट नाही, पण मालकाला वाचणं-लिहिणं-शिरणं आणि इतरांना काहीही नाही, अशी *शिफारस* आहे. त्याच डिरेक्टरीतल्या कॉन्फिग फाइलबद्दल भाषा लगेच कडक होते: दुरुपयोग होऊ शकतो, म्हणून इतरांना तिच्यात लिहिता *येताच कामा नये*. खाजगी कीबद्दल तर परिणामही दिलाय. इतरांना पोचता येईल अशी की एसएसएच सरळ दुर्लक्षित करतो. ज्यांनी हा अनुभव घेतलाय त्यांना ‘अनप्रोटेक्टेड प्रायव्हेट की फाइल’ अशी ओरड करणारी ती चौकट आठवेल.

मला त्यातली सगळ्यात आवडती नोंद आरहोस्ट्स फाइलची, म्हणजे कोणत्या मशीनवरून येणाऱ्यांवर विश्वास ठेवायचा त्या यादीची. ती फाइल यूजरच्याच मालकीची हवी आणि दुसऱ्या कुणाला लिहिता येता कामा नये, ही अट. बहुतेक मशीनवर फक्त मालकाला वाचता-लिहिता यावं, ही शिफारस. आणि घर एनएफएसवर, म्हणजे नेटवर्कवरच्या डिस्कवर, असेल तर काही ठिकाणी ती सगळ्यांना वाचता येण्याजोगी ठेवावी लागते, कारण एसएसएचडी, म्हणजे एसएसएचचा सर्व्हर, ती रूट म्हणून वाचतो, हा अपवाद आणि त्याचं कारण. एनएफएसवर दूरच्या रूटला सहसा रूटचा मान मिळत नाही, त्याला कुणीतरी परका समजतात. म्हणून हा खटाटोप. अट, शिफारस, अपवाद, कारण, सगळं तीन-चार वाक्यांत. आणि एकही आकडा न वापरता.

म्हणून पाथांच्या यादीत प्रत्येकापुढे एक खूण करा: ‘तयार करतो’, ‘तपासतो’ की ‘सुचवतो’. ‘तपासतो’ असेल तर पुढे लगेच लिहा: नाही पटलं तर काय करतो? थांबतो, इशारा देऊन पुढे जातो, की गुपचूप दुर्लक्ष करतो? गुपचूप दुर्लक्ष करणारे प्रोग्राम सगळ्यात जास्त वेळ खातात, तेव्हा तिथं एक जादा वाक्य खर्च करा.

क्रियापदं ठरवून घ्या आणि पानभर तीच ठेवा. इंग्रजीत पान लिहीत असाल तर अटीला ‘मस्ट’ आणि शिफारशीला ‘शुड’. मराठीत मी ‘हवीच’ आणि ‘ठेवावी’ अशी जोडी वापरते. “परवानग्या योग्य असाव्यात” हे वाक्य मात्र कुठंही नको. योग्य म्हणजे काय, हे सांगायलाच तर आपण बसलोय.

आकडा आणि शब्द, दोन्ही

आकडा लिहायचा तर चार अंकी, पुढे शून्य लावून: ०६४४, ०७५०, १७७७. पुढचं शून्य ही सी भाषेची सवय. त्यानं आकडा ऑक्टल (आठच्या पायावरचा) आहे हे कळतं, आणि स्टिकी किंवा सेटजीआयडी यांसारखं खास बिट (दोन्ही पुढे येतील) आलं की त्याला जागाही तयार असते. आकड्यापाठोपाठ शब्दांत एकदा सांगा: मालक वाचू-लिहू शकतो, ग्रुप फक्त वाचू शकतो, बाकीच्यांना काही नाही.

आकडा तर सगळ्यांनाच कळतो, मग शब्द कशाला, असं कुणी विचारलं तर मी त्यांना युनिक्सच्या पहिल्या मॅन्युअलची गोष्ट सांगते. ३ नोव्हेंबर १९७१ची तारीख असलेल्या त्या मॅन्युअलमध्ये सीएचमॉडचं पान आहेच. पण तिथं ०१ म्हणजे मालक नसलेल्यांना लिहिणं, ०२ म्हणजे त्यांनाच वाचणं, ०४ मालकाला लिहिणं, १० मालकाला वाचणं, २० चालवता येणं आणि ४० सेट-यूआयडी (प्रोग्राम त्याच्या मालकाच्या अधिकारानं चालणं). ग्रुप ही भानगडच नव्हती. पान जुनं झालं आणि आकड्यांचा अर्थ पूर्ण बदलला. “मालक नसलेल्यांना वाचता येतं” हे वाक्य मात्र आजही कळतं. फाइल्स हा मथळाही त्याच मॅन्युअलपासूनचा आहे.

वर्गांबद्दल लिहिताना एक चूक अनुभवी लोकही करतात. परवानग्या बेरजेच्या नसतात. कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, आधी बघतो तुम्ही मालक आहात का. असाल तर फक्त मालकाचे बिट लागू, पुढचं बघतच नाही. मालक नसाल आणि ग्रुपमध्ये असाल तर फक्त ग्रुपचे. म्हणजे मोड ००४४ असेल तर सगळं गाव फाइल वाचेल आणि मालक हात चोळत बसेल. म्हणून “सगळ्यांना वाचता येते” असं लिहिण्याआधी तिन्ही जागांवर आर (वाचण्याचं अक्षर) आहे ना, ते बघा.

डिरेक्टरीला वेगळी नोंद द्या

डिरेक्टरी आणि तिच्यातल्या फाइली एकाच ओळीत कधीही बसवू नका. तीच तीन अक्षरं असली तरी अर्थ वेगळा आहे. आर म्हणजे आतल्या नावांची यादी वाचता येणं. एक्स म्हणजे तिच्यातून पुढे जाता येणं. पॉसिक्स हे युनिक्सचं मानक याला चालवणं म्हणत नाही, शोध म्हणतं. डब्ल्यू म्हणजे आत नावं तयार करणं, बदलणं, काढणं, आणि तेही एक्स सोबत असेल तरच.

फक्त एक्स असेल आणि आर नसेल, तर ज्याला नेमकं नाव माहीत आहे तो फाइलपर्यंत पोचतो. बाकीच्यांना यादी मिळत नाही. ०७११ मोडची घरं याच हिशोबानं ठेवतात. असा मोड मुद्दाम निवडला असेल तर पानात कारण लिहा, नाहीतर कुणीतरी ‘चूक’ दुरुस्त करून ०७५५ करतं.

दुसरी गोष्ट पुसण्याची. फाइल पुसायला त्या फाइलवर लिहायची परवानगी लागत नाही, ती ज्या डिरेक्टरीत आहे तिच्यावर लागते. ०४४४ ची फाइल दुसऱ्याच्या मालकीची असली तरी डिरेक्टरी तुमची असेल तर तुम्ही ती पुसू शकता. “बॅकअप फाइली वाचण्यापुरत्या असल्यामुळे सुरक्षित आहेत” असं माझ्या जुन्या पानात होतं, आणि ते सपशेल खोटं होतं.

याच कारणासाठी /टेम्पला स्टिकी बिट असतं, मोड १७७७. तिथं कुणीही फाइल करू शकतं, पण पुसायला किंवा नाव बदलायला फाइलचा मालक, डिरेक्टरीचा मालक किंवा रूटच लागतो. तुमचा प्रोग्राम सगळ्यांसाठी खुली डिरेक्टरी करत असेल तर हे बिट त्याच्यावर आहे की नाही, ते पानात आलंच पाहिजे. एलएसमध्ये ते शेवटच्या जागी टी म्हणून दिसतं; मोठा टी दिसला तर समजायचं की बाकीच्यांचा एक्स नाहीये.

डिरेक्टरीवरचं सेटजीआयडी, म्हणजे २७५० मधला २, लिनक्सवर नव्या फाइलींना डिरेक्टरीचाच ग्रुप देतं आणि नव्या उपडिरेक्टऱ्यांना ते बिटही देतं. बीएसडीवर नव्या फाइलीला डिरेक्टरीचा ग्रुप बिटाशिवायच मिळतो. दोन्हीकडे चालणारं टूल असेल तर हा फरक एका वाक्यात नोंदवा. आणि पानात ‘सेटजीआयडी काढायला ०७५५ करा’ असं लिहू नका. जीएनयूचा सीएचमॉड डिरेक्टरीवरचं ते बिट चार अंकी आकड्यानं काढतच नाही. तिथं जी-एस किंवा पाच अंकी ००७५५ असं लिहावं लागतं.

यूमास्क: वजाबाकी करू नका

फाइल तयार करणारे बहुतेक प्रोग्राम ०६६६ मागतात आणि डिरेक्टरीसाठी ०७७७. त्यातून यूमास्कमधले बिट गळतात. ०२२ असेल तर फाइल ०६४४, डिरेक्टरी ०७५५. कित्येक शिकवण्यांत “यूमास्क वजा करा” असं सांगतात आणि ०२२ ला ते जुळतंही. ०२७ घेऊन बघा: ०६६६ मधून ०२७ वजा केले तर ऑक्टलमध्ये ०६३७ येतं, प्रत्यक्षात फाइल होते ०६४०. यूमास्क बिट झाकतो, वजा करत नाही.

पानात याची दोनच वाक्यं पुरतात. मोड यूमास्कवर सोडला असेल तर: “फाइल ०६६६ या मोडनं तयार होते, त्यातून चालवणाऱ्याचा यूमास्क लागू होतो.” प्रोग्राम नंतर सीएचमॉड करत असेल तर: “फाइलचा मोड यूमास्क काहीही असला तरी ०६०० असतो.” “फाइल ०६४४ नं तयार होते” हे तिसरं वाक्य सगळीकडे दिसतं, ते फक्त लेखकाच्या मशीनवर खरं असतं.

एमकेडिर -पी ला -एम नं मोड दिला तर तो फक्त शेवटच्या डिरेक्टरीला लागतो. वाटेत तयार झालेल्या डिरेक्टऱ्या यूमास्कप्रमाणेच होतात. उदाहरणाच्या भागात ही आज्ञा देत असाल तर वरच्या डिरेक्टऱ्यांचं स्वतंत्रपणे सांगा.

एसीएल (एकेका यूजरला वेगळी परवानगी देणारी यादी) आणि एसईलिनक्स (लिनक्सवरचा वेगळा सुरक्षा-थर) यांबद्दल प्रोग्राम स्वतः काही करत असेल तरच लिहा. एवढं मात्र माहीत असू द्या की एलएस -एल मध्ये मोडच्या शेवटी अधिकचं चिन्ह दिसलं तर एसीएल आहे, आणि डिरेक्टरीवर डिफॉल्ट एसीएल असेल तर तिथं यूमास्क लागू होत नाही. सिमलिंकचा, म्हणजे दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणाऱ्या फाइलचा, मोड लिनक्सवर कायम ०७७७ दिसतो आणि त्याला काही अर्थ नसतो. तो लिहूच नका. सॉकेटचं मात्र सांगते: लिनक्सवर सॉकेटला जोडायला त्यावर लिहायची परवानगी लागते, पण सगळीकडे ती पाळली जाईल याची खात्री नाही. सॉकेट बंद डिरेक्टरीत ठेवा आणि त्या डिरेक्टरीचा मोड नोंदवा.

चुका: दोन वेगळे नकार

‘परमिशन डिनाइड’ आणि ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ हे दोन संदेश लोक एकच समजतात. पहिला ईअ‍ॅक्सेस, क्रमांक १३: मोडचे बिट आडवे आले. दुसरा ईपर्म, क्रमांक १: हे काम करण्याचा तुमचा अधिकारच नाही, बिट काहीही असोत. दुसऱ्याच्या फाइलवर सीएचमॉड करा, ईपर्म मिळेल, मग ती ०७७७ का असेना.

एरर्सच्या भागात ईअ‍ॅक्सेसखाली दोन्ही शक्यता लिहा: फाइलवरच हवी ती परवानगी नाही, किंवा पाथमधल्या एखाद्या डिरेक्टरीवर शोधाची परवानगी नाही. हा दुसरा अर्धा भाग सिस्टिम कॉलच्या पानांत असतो, आणि आपण आपल्या टूलच्या पानात तो हमखास विसरतो. आज्ञांच्या पानात एरर्सऐवजी डायग्नोस्टिक्स हा मथळा घ्या आणि प्रोग्राम छापतो तो संदेश अक्षरशः तसाच द्या. लोक तोच संदेश कॉपी करून पानात शोधतात.

कुठं आणि कोणत्या मॅक्रोनं

पाथ आणि मोड फाइल्समध्ये. मोडमुळे प्रोग्रामचं वागणं बदलत असेल तर ते डिस्क्रिप्शनमध्येही. कॉन्फिग फाइलचा साचा मोठा असेल तर तिला पाचव्या विभागात वेगळं पान द्या आणि परवानगीची अट त्या पानावर ठेवा. फाइल लिहिणारा माणूस तेच पान उघडतो. सी ऑल्सोमध्ये सीएचमॉडचं पहिल्या विभागातलं पान, यूमास्कचं दुसऱ्या विभागातलं पान एवढं पुरे.

एमडॉक या मॅन पानांच्या मॅक्रोसंचात लिहीत असाल तर पाथला पीए, दुसऱ्या पानाच्या उल्लेखाला एक्सआर, स्थिरांकाला डीव्ही आणि एररच्या नावाला ईआर हा मॅक्रो. जुन्या मॅन मॅक्रोंमध्ये पाथ तिरक्या अक्षरांत, नोंदींसाठी टीपी. मॅक्रोंपेक्षा दोन सापळे जास्त महत्त्वाचे. एक, मोडची माळ किंवा पर्याय लिहिताना नुसता डॅश टाकला तर रॉफ, म्हणजे पान मांडणारा प्रोग्राम, त्याचा हायफन करू शकतो आणि पानातून कॉपी केलेली आज्ञा चालत नाही. डॅशच्या आधी बॅकस्लॅश द्या. दोन, रॉफमध्ये ओळीच्या सुरुवातीचा टिंब म्हणजे मॅक्रो. .एसएसएच नं सुरू होणारी ओळ लिहिलीत तर ती अख्खी ओळ पानातून निमूट गायब होते. तिच्याआधी बॅकस्लॅश आणि अँपरसँड टाका, किंवा वाक्याचा क्रम बदला. परवानग्यांबद्दल लिहिताना हे हटकून होतं, कारण गुप्त ठेवायच्या फाइलींची नावं टिंबानंच सुरू होतात.

मोडून बघा

मॅनडॉक हे मॅन पान मांडणारं टूल असेल तर त्याचा लिंट, म्हणजे चुका शोधणारा पर्याय, चालवा. मग पान खरं आहे का ते तपासा: पानातली प्रत्येक अट मुद्दाम मोडा. ०६०० हवी म्हटलंय तिथं ०६४४ करा, मालक बदला, वरच्या डिरेक्टरीचा एक्स काढा, आणि प्रत्येक वेळी साध्या यूजरनं प्रोग्राम चालवा. पानात लिहिलेलंच घडलं पाहिजे आणि संदेशही तोच आला पाहिजे.

‘साठवण’च्या पानातली ती एक ओळ शेवटी अशी झाली:

> /व्हार/लिब/साठवण/
> बॅकअपची डिरेक्टरी. मालक ‘साठवण’, ग्रुप ‘बॅकअप’, मोड ०७५०: मालकाला सर्व काही, ग्रुपला यादी पाहता आणि आत शिरता येते, बाकीच्यांना काही नाही. नसेल तर रूटने चालवलेल्या पहिल्या वेळी तयार होते. मालकाला तिच्यात शिरता आले नाही तर प्रोग्राम काहीही न लिहिता थांबतो.
>
> /व्हार/लिब/साठवण/\*.टार
> बॅकअपच्या फाइली. यूमास्क काहीही असला तरी मोड ०६४०. या फाइली पुसण्याचा अधिकार वरील डिरेक्टरीच्या मोडवर ठरतो, यांच्या मोडवर नाही.

हे पान मी त्याच मुलाकडे वाचायला पाठवलं. त्यानं एकच दुरुस्ती सुचवली: वरची तारीख बदलायची राहिली होती.